पियानोचे पहिले पुस्तक

पियानोवर ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. त्यांच्यासाठी छापील स्टाफ नोटेशनमध्ये पाच-पाच रेषांचे दोन संच एकाखाली एक येतात. वरचा बहुतेक वेळा उजव्या हाताचा, खालचा डाव्या हाताचा. वाजवणाऱ्याला दोन्ही ओळी एकाच वेळी वाचाव्या लागतात, दहा बोटे निरनिराळी चालवावी लागतात, लय सांभाळावी लागते आणि निघणारा आवाज कानाने तपासावाही लागतो. नवशिक्याला हे सगळे एकदम देता येत नाही. काय आधी द्यायचे, काय मागाहून द्यायचे आणि काय पुष्कळ दिवस झाकून ठेवायचे, हे ठरवणे हेच पहिल्या पुस्तकाचे काम. मुखपृष्ठ, रंगीत चित्रे आणि गाण्यांची यादी पाहून पुस्तक निवडले जाते, पण विद्यार्थ्याच्या हातात आणि डोळ्यांत उतरतो तो त्या पुस्तकाचा क्रम. पहिल्या काही महिन्यांत वाचनाची जी सवय लागते ती पुढे अनेक वर्षे टिकते, आणि चुकीची लागली तर ती लावण्यापेक्षा मोडायला जास्त वेळ जातो. म्हणून पुस्तक निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा: हे पुस्तक विद्यार्थ्याला नोटेशन वाचायला कोणत्या वाटेने नेते?

हा वाद जुना आहे, पियानो घराघरांत पोहोचण्याच्याही आधीचा. फ्रान्स्वा कूपरँ या फ्रेंच संगीतकाराने १७१६ मध्ये हार्पसिकॉर्ड वाजवण्याच्या कलेवर पुस्तक लिहिले. त्यात मुलांची सुरुवात सहा-सात वर्षांच्या सुमारास करावी असे सांगून तो पुढे म्हणतो की हातात काही रचना बसल्याशिवाय मुलांना स्वरलेखन दाखवू नये. डोळे पुस्तकात अडकले की बोटांची ठेवण बिघडते. सुरुवातीच्या काळात शिक्षक नसताना मुलाने वाजवूच नये, यासाठी तो वाद्याची किल्ली सोबत घेऊन जात असे. १७५३ मध्ये कार्ल फिलिप एमान्युएल बाख यांच्या ग्रंथाचा पहिला भाग आला, १७६२ मध्ये दुसरा. अंगठ्याचा पद्धतशीर वापर आणि बोटांची योजना हा त्यातला फार मोलाचा भाग. पण हे ग्रंथ शिक्षकांनी आणि जाणत्यांनी वाचायचे होते. मुलासमोर वाद्यावर उघडून ठेवायचे ते पुस्तक नव्हे. तसे पुस्तक मुझिओ क्लेमेंटी यांनी १८०१ मध्ये लंडनमध्ये काढले. आधी थोडक्यात नियम, मग बोटांचे आकडे घातलेले पन्नास धडे, आणि त्यांत हँडेल, कोरेली, स्कार्लाटी अशांच्या रचना. थोडे समजावणे आणि पुष्कळ वाजवणे ही त्याची मांडणी आजही चांगली वाटते.

एकोणिसाव्या शतकात पियानो युरोपातल्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यात आला आणि शिकवणीच्या पुस्तकांना मोठी बाजारपेठ मिळाली. बीथोव्हनचे शिष्य आणि लिस्टचे गुरू कार्ल चेर्नी यांचे ओपस ५९९ हे नवशिक्यांसाठीचे शंभर धडे आजही छापले जातात. फर्डिनांड बायर यांचे ओपस १०१ साधारण १८५० च्या सुमारास जर्मनीत निघाले. लुथर व्हाइटिंग मेसन या अमेरिकी शिक्षकासोबत ते १८८० मध्ये जपानमध्ये पोहोचले, आणि जपान-कोरियातल्या अनेक पिढ्यांसाठी पियानोची सुरुवात म्हणजे बायर असे समीकरण होऊन बसले. या दोन्ही पुस्तकांचे बळ बोटांच्या शिस्तीत आहे. धडे नीटनेटके, चढ हळूहळू, एकही स्वर वाया न घालवणारे. पण बायरमध्ये बराच काळ दोन्ही हात वरच्या ओळीच्या ट्रेबल क्लेफमध्येच वाजतात आणि खालच्या ओळीचा बेस क्लेफ पुष्कळ उशिरा येतो. परिणामी डाव्या हाताची खालची ओळ विद्यार्थ्याला परकी राहते. वरची ओळ तो सहज वाचतो आणि खालची मोजत-मोजत. शिवाय सगळा कानाचा संस्कार एकाच काळाच्या, एकाच धाटणीच्या संगीताचा होतो. चेर्नी किंवा बायर जोडीला ठेवण्याजोगे आहेत. एकट्याने पहिले पुस्तक म्हणून ते आज अपुरे पडतात.

याच शतकातल्या आणखी एका पुस्तकाचे नाव घ्यावे लागते, कारण ते नको त्या वेळी विकत घेतले जाते. शार्ल-लुई हानों यांचे साठ व्यायाम १८७३ मध्ये निघाले. सुमारे वर्षभर शिकून झालेल्या विद्यार्थ्याने ते हाती घ्यावेत असे खुद्द लेखकानेच प्रस्तावनेत म्हटले आहे. पाचही बोटांना सारखी ताकद यावी म्हणून रचलेले हे आवर्तनांचे पुस्तक सहा-सात वर्षांच्या मुलाला पहिल्या महिन्यात दिले तर मनगट आवळते आणि ऐकणे थांबते.

विसाव्या शतकात अमेरिकेत या पुस्तकांचा चेहरा बदलला. १९३६ मध्ये जॉन थॉम्पसन यांचे ‘टीचिंग लिटल फिंगर्स टू प्ले’ आले. भारतात इंग्रजी पुस्तकांवरून पियानो शिकलेल्या घरांत थॉम्पसनची एखादी जुनी प्रत अजूनही सापडते. त्याची वाट ‘मिडल सी’ची. दोन्ही अंगठे मधल्या सी पट्टीवर ठेवायचे. तिथून प्रत्येक धड्यात उजवा हात एक स्वर वर जातो आणि डावा एक स्वर खाली. मिडल सी दोन्ही स्टाफच्या मधोमध लिहिला जात असल्याने ट्रेबल आणि बेस दोन्ही क्लेफ पहिल्यापासून सोबत येतात. बायरमधली उणीव इथे भरून निघते. धडे लहान असतात, त्यांना नाव आणि शब्द असतात, आणि शिक्षकाने जोडीला वाजवायचा ड्युएटचा भाग असतो. त्यामुळे चार स्वरांची धूनही भरदार वाजते आणि मूल लयीत धरून ठेवले जाते.

तरीही या वाटेवर एक खड्डा आहे आणि बहुसंख्य विद्यार्थी त्यातच पडतात. हात महिनोन्‌महिने त्याच जागी राहतो. अंगठा म्हणजे सी, दुसरे बोट म्हणजे डी, तिसरे म्हणजे ई, असे पक्के बसते. स्वरावर छापलेला ३ हा आकडा वाचला की काम भागते. रेषा पाहायची गरजच उरत नाही. शिकवणाऱ्याला आणि पालकांना वाटते मूल वाचते आहे. मग एखाद्या धड्यात हात जी वर सरकवायचा असतो आणि मूल अडखळते, कारण त्याच्या लेखी तिसरे बोट ई वाजवते, बी नव्हे. ओळखीच्या धून असल्या तर कान उरलेले अंदाजाने भरून काढतो, आणि वाचन आणखी मागे पडते. हा दोष एकट्या थॉम्पसनचा नाही. स्वरास्वरावर बोटाचा आकडा छापणाऱ्या प्रत्येक पुस्तकात तो आहे. दोन्ही हात छातीसमोर एकमेकांना चिकटून राहतात आणि कोपरे अंगाला घट्ट बसतात, हा त्याचा शारीरिक तोटा. पियानोची रुंदी मुलाला फार उशिरा कळते.

या अडचणीवर दोन उत्तरे शोधली गेली. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात शिकवणाऱ्या रॉबर्ट पेस यांनी आणि त्यांच्यानंतर जेम्स बॅस्टियन यांनी सर्व स्केलची वाट धरली. सुरुवातीच्या महिन्यांतच विद्यार्थी पाच बोटांचा साचा बारा मेजर स्केलमध्ये फिरवतो. सी, जी आणि एफ या स्केलच्या मूळ कॉर्डमध्ये तिन्ही पट्ट्या पांढऱ्या. डी, ए आणि ई मध्ये मधली काळी. असे गट पाडून हाताला आकार शिकवले जातात. एक धून शिकायची आणि ती लगेच दुसऱ्या स्केलमध्ये वाजवायची. यातून काळ्या पट्ट्यांची भीती जाते, कॉर्ड लवकर येतात आणि कान तयार होतो. मात्र हात पुढे आणि डोळा मागे अशी स्थिती इथेही येते, कारण आकार कळला की स्टाफ न वाचता वाजवता येते. डावा हात तीनच कॉर्ड आळीपाळीने वाजवत बसतो, हाही या पुस्तकांचा ओळखीचा दोष.

दुसरे उत्तर फ्रान्सेस क्लार्क यांचे. त्यांचे ‘टाइम टू बिगिन’ १९५५ मध्ये आले आणि लुईज गॉस यांच्यासोबत त्यातून पुढे ‘द म्युझिक ट्री’ ही मालिका वाढली. यात मूल आधी स्टाफशिवाय, वर-खाली मांडलेल्या चिन्हांवरून वाजवते आणि संपूर्ण कीबोर्डभर फिरते. मग थोड्याच रेषांचा अपुरा स्टाफ येतो आणि तो वाढत-वाढत पुरा होतो. प्रत्येक स्वराचे नाव पाठ करण्याऐवजी दोन स्वरांमधले अंतर पाहायचे: शेजारच्या रेषेवर गेला की मधल्या घरात बसला, वर गेला की खाली. अंतर मोजायला तीन खुणा पक्क्या केल्या जातात, मिडल सी, त्याच्या वरचा जी आणि खालचा एफ. या खुणा मनाने घेतलेल्या नाहीत. ट्रेबल क्लेफचे वेटोळे जी च्या रेषेभोवती असते आणि बेस क्लेफचे दोन ठिपके एफ च्या रेषेच्या दोन्ही बाजूंना असतात. क्लेफचे चिन्ह स्वतःच ती खूण दाखवत असते. अनुभवी वादक वेगाने वाचतो तेव्हा तो अंतरे आणि आकारच पाहतो, एकेका स्वराचे नाव घेत बसत नाही. त्यामुळे वाचनाच्या दृष्टीने ही वाट सर्वांत भक्कम आहे. तिची किंमत एवढीच की सुरुवातीचे काही आठवडे धडे उघडेबोडके वाटतात. ओळखीचे गाणे लवकर हाती लागत नाही, आणि घरच्यांचा धीर सुटतो.

आज जगभर जास्त चालणाऱ्या मालिका या वाटांचे मिश्रण करतात. विलर्ड पामर, मॉर्टन मॅनस आणि अमांडा व्हिक लेथ्को यांची ‘आल्फ्रेड्स बेसिक’ मालिका त्यांतली एक. नॅन्सी आणि रँडल फेबर यांची १९९३ मध्ये सुरू झालेली ‘पियानो अ‍ॅडव्हेंचर्स’ दुसरी. फेबरमध्ये सुरुवात काळ्या पट्ट्यांच्या दोनच्या आणि तीनच्या गटांवर होते. कारण सरळ आहे: ते गट डोळ्यांना लगेच दिसतात आणि मधल्या लांब बोटांखाली आपसूक येतात, अंगठा वाकडा करावा लागत नाही. त्यानंतर पांढऱ्या पट्ट्या, मग स्टाफ, मग हाताच्या जागा बदलत जातात. प्रत्येक पातळीला मुख्य चार पुस्तके: धडे, थिअरी, तंत्र आणि सादरीकरण. चारही घेतलीच पाहिजेत असे नाही. आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाची शिकवणी असेल तर धडे आणि तंत्र ही दोन पुरेशी ठरतात. थिअरीचे पुस्तक घेऊन ते कोरे ठेवण्यापेक्षा तेवढा वेळ वाजवण्यात गेलेला बरा. सादरीकरणाचे पुस्तक मात्र रियाझात रमणाऱ्या मुलाला अवश्य द्यावे, कारण त्याच पातळीचे नवे साहित्य जितके जास्त, तितके वाचन पक्के.

पुस्तकाआधी कान, हा कूपरँचा विचार विसाव्या शतकात जपानी व्हायोलिनवादक शिनिची सुझुकी यांनी वेगळ्या रीतीने उचलला. मूल मातृभाषा जशी ऐकून शिकते तसेच संगीत शिकावे, हे त्यांचे सूत्र. त्यांच्या पद्धतीतल्या पियानो मालिकेचे पहिले पुस्तक ‘ट्विंकल ट्विंकल’च्या चालीवरील लयबदलांनी सुरू होते. मूल रोज ध्वनिमुद्रण ऐकते, आई किंवा वडील शिकवणीला सोबत बसतात, आणि वाचन मागाहून येते. आवाजाची गोलाई आणि स्मरण यांत या मुलांचा हात धरणे कठीण. पण हे पुस्तक सुझुकी पद्धत शिकलेल्या शिक्षकाशिवाय आणि रोज वेळ देणाऱ्या पालकाशिवाय वापरले तर ते केवळ गाण्यांचा संग्रह उरतो, आणि वाचनाचा धागा सुटूनच जातो.

बेला बार्टोक यांच्या ‘मिक्रोकोस्मोस’कडे शिकवणीचे पुस्तक म्हणून फार थोडे लोक पाहतात, हे नुकसानच आहे. १९२६ ते १९३९ या काळात लिहिलेल्या १५३ रचना, सहा खंडांत, १९४० मध्ये प्रकाशित. पहिले दोन खंड बार्टोक यांनी आपला मुलगा पेटर याला अर्पण केले. सुरुवातीच्या रचनांत दोन्ही हात एकच धून वेगवेगळ्या सप्तकांत वाजवतात, त्यामुळे दोन्ही क्लेफ बरोबरीने वाचले जातात. पुढे हात एकमेकांपासून सुटे होतात आणि डाव्या हातालाही उजव्याइतकीच धून मिळते. कॉर्डची एकसुरी साथ इथे नाही. मराठी कानाला त्यात आणखी एक ओळख सापडते. पहिल्या खंडातली ३२ वी रचना डोरियन मोडमध्ये आहे आणि ३४ वी फ्रिजियनमध्ये, म्हणजे स्वरांच्या हिशेबाने अनुक्रमे काफी आणि भैरवी थाट. मेजर-मायनरच्या पलीकडे न जाणाऱ्या पुस्तकांत हे स्वर मुलाला कित्येक वर्षे भेटत नाहीत. मिक्रोकोस्मोसमध्ये चित्रे नाहीत, समजावणे नाही, ओळखीचे गाणे नाही. म्हणून पहिल्याच दिवशी ते एकटे देऊ नये. एखादी मालिका चालू असताना आठवड्याला एक रचना या हिशेबाने पहिला खंड जोडीला ठेवावा.

कोणती वाट घ्यायची हे विद्यार्थी कोण आहे यावरही ठरते. चार-पाच वर्षांच्या मुलाला मोठ्या आकाराच्या, कमी मजकुराच्या आणि काळ्या पट्ट्यांवर दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या पुस्तकाची गरज असते. या वयासाठी बहुतेक मालिकांनी वेगळी पूर्वतयारीची पुस्तके काढली आहेत. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तेच पुस्तक दिले तर त्याला ते बालिश वाटते आणि महिन्याभरात संपते. प्रौढांसाठी आल्फ्रेड आणि फेबर या दोघांचीही स्वतंत्र, एकाच जिल्दीत सगळे असणारी पुस्तके आहेत. प्रौढाला नियम लवकर समजतात, बोटे मात्र त्या वेगाने येत नाहीत. त्यामुळे प्रौढांच्या पुस्तकांत मजकूर झपाट्याने पुढे जातो आणि हात मागे राहतो. अशा पुस्तकाला त्याच पातळीच्या सोप्या रचनांची जोड दिल्याशिवाय दुसरा भाग उघडू नये.

महाराष्ट्रात पियानोकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक मोठा गट पेटी शिकून आलेला असतो, आणि त्याचा विचार करणारे पुस्तक दुकानात शोधून सापडत नाही. असा विद्यार्थी कोरा नसतो. त्याचा कान तयार असतो, लय पक्की असते, पट्ट्यांची ओळख असते. पण त्याचा उजवा हातच वाजवतो. डावा भाता मारतो. म्हणून बेस क्लेफ आणि डाव्या हाताची बोटे यांत तो पाच वर्षांच्या मुलाइतकाच नवा असतो. पेटीत पट्टी जोरात दाबली की हळू, आवाजात फारसा फरक पडत नाही, तो भात्यावर ठरतो. पियानोत पट्टी ज्या वेगाने खाली जाते त्यानुसार हातोडी तारेवर आदळते आणि आवाज तिथेच ठरतो. सगळ्यांत मोठा फरक सा चा. पांढरी एकमध्ये, म्हणजे सी ला सा धरला की, शुद्ध गंधार म्हणजे ई ची पट्टी. पांढरी चारमध्ये तोच गंधार ए वर जातो. सा सरकतो तसे सगळे स्वर सरकतात, ही सवय भातखंडे यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या लेखनातही मुरलेली आहे. स्टाफवर मात्र ई च्या रेषेवरचा स्वर कायम ई च. मग विद्यार्थी स्वरांखाली पेन्सिलीने सा रे ग म लिहू लागतो आणि स्टाफ वाचायचे टाळतो. अशा विद्यार्थ्याला मिडल सी ची वाट सर्वांत गैरसोयीची, कारण तिथे सी म्हणजे सा अशी चुकीची गाठ पहिल्याच आठवड्यात बसते. त्याला पेस-बॅस्टियन यांची सर्व स्केलची वाट मानवते; एक धून निरनिराळ्या जागांवरून गाण्याची सवय त्याला आधीपासून असते, आणि त्या सवयीचे इथे चीज होते. जोडीला अंतरे वाचायला शिकवणारे एखादे पुस्तक, आणि डाव्या हाताला धून देणारे सोपे धडे. वय मोठे असले तरी डाव्या हातासाठी त्याला अगदी खालच्या पातळीचे पुस्तक द्यायला संकोच करू नये.

गोव्यातली पार्श्वभूमी याहून निराळी. पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांतून तिथे सोल्फेजो शिकवला गेला, आणि त्यात ‘दो’ म्हणजे कायम सी. वाद्याला हात लावण्याआधी स्टाफ गाऊन वाचायचा. या शिस्तीत तयार झालेल्या गोव्यातल्या वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपट संगीताचे वाद्यवृंद उभे केले. अँथनी गोन्साल्विस आणि सेबास्टियन डिसोझा ही त्यांतली ठळक नावे. घरात अशी परंपरा असेल तर मुलाला पुस्तकाच्या आधीच वाचन आलेले असते. त्याच्यासाठी काळ्या पट्ट्यांचे पूर्वतयारीचे धडे भराभर उरकून हात आणि आवाज यांच्यावर भर देणारे पुस्तक घ्यावे.

वाद्य कोणते आहे हेही पाहावे लागते. अनेक घरांत पहिली दोन वर्षे ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड असतो, आणि त्याच्या पट्ट्यांना पियानोच्या पट्टीचे वजन नसते. संपूर्ण ८८ पट्ट्यांवर फिरवणारे किंवा मंद-जोरकस यावर पहिल्या पानापासून भर देणारे पुस्तक त्यावर नीट वाजत नाही. अशा वेळी पुस्तक बदलण्यापेक्षा वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो लवकर घेणे हिताचे. ते शक्य नसेल तर वाचनावर भर देणारे पुस्तक निवडून आवाजाचे काम शिकवणीच्या वेळेपुरते ठेवावे.

भारतातल्या विद्यार्थ्यांच्या निवडीवर परीक्षांची मोठी छाया असते. लंडनच्या एबीआरएसएम आणि ट्रिनिटी कॉलेज या दोन संस्थांच्या ग्रेड परीक्षा मुंबई, पुणे, गोवा इथे दीर्घकाळ होत आल्या आहेत. परीक्षा ध्येय म्हणून चांगलीच. पण परीक्षेच्या रचनांचे पुस्तक हे शिकवणीचे पुस्तक नव्हे. एबीआरएसएमच्या प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक ग्रेडला तीन रचना असतात. वर्षभर त्या तीनच घोटल्या तर मूल तीन रचना वाजवायला शिकते, पियानो वाजवायला नाही. साइट-रीडिंगच्या, म्हणजे न पाहिलेली रचना वाचून वाजवण्याच्या, वेळी ते उघड होते. पहिल्या ग्रेडचे पुस्तक आणण्याआधी निवडलेल्या मालिकेच्या दोन-तीन पातळ्या पूर्ण व्हाव्यात, आणि परीक्षेच्या वर्षातही मालिका चालूच राहावी.

इथे नावांचा एक व्यावहारिक गोंधळ होतो. अमेरिकी पुस्तके कालमानाला क्वार्टर नोट, हाफ नोट म्हणतात. ब्रिटिश परीक्षेत तेच क्रॉचेट आणि मिनिम होतात. फेबर किंवा आल्फ्रेडवर शिकणाऱ्या आणि ब्रिटिश परीक्षेला बसणाऱ्या मुलाला दोन्ही नावे पहिल्यापासून सांगावीत. फेबरच्या पानांवर समासात दुसरे नाव लिहून ठेवले की पुरते.

मुंबईत धोबी तलावचे, १८६५ पासूनचे फुर्टाडोज किंवा दुसरे एखादे संगीताचे दुकान, जिथे पुस्तक हातात घेऊन चाळता येते तिथून ते घेणे केव्हाही चांगले. चाळताना मुखपृष्ठ सोडून मधली पाने उघडावीत. बोटाचे आकडे प्रत्येक स्वरावर आहेत, की फक्त हाताची जागा बदलते तिथे? बेस क्लेफ कितव्या पानावर येतो? नवी गोष्ट आली की तिच्यासाठी किती रचना दिल्या आहेत? एकच असेल तर चढ फार उभा आहे. चार-पाच असाव्यात, आणि त्यांत हात वेगवेगळ्या जागी पडावा. डाव्या हाताला कधी धून मिळते, की तो साथच करत राहतो? शिक्षकासाठी ड्युएट आहे का? जुन्या पद्धतीच्या संग्रहांत अँटोन डियाबेली यांचे ओपस १४९ याबाबतीत अजूनही सरस आहे: विद्यार्थ्याचा भाग पाचच स्वरांत बसतो आणि शिक्षकाचा भाग त्याला खरे संगीत करून टाकतो. स्वरांच्या गोलात ए, बी, सी अशी अक्षरे शेवटपर्यंत छापलेली पुस्तके, आणि चित्रपटगीते नुसत्या अक्षरांत किंवा सरगमात देणारी पुस्तके, पहिल्या वर्षात टाळावीत. हौस म्हणून ती पुढे कधीही वाजवता येतात. पहिल्या वर्षात ती वाचनाची वाटच बंद करतात.

जुन्या प्रतींबाबत एक सावधगिरी. जुन्या इंग्लिश आवृत्त्यांत अंगठ्याला फुलीचे चिन्ह आणि पुढच्या बोटांना १ ते ४ आकडे असत. आजच्या पद्धतीत अंगठा १ आणि करंगळी ५. आजी-आजोबांच्या पेटाऱ्यातली प्रत नवशिक्याला दिली आणि हे लक्षात आले नाही तर सगळी बोटे एका घराने चुकतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे चेर्नी, बायर, डियाबेली मुक्तपणे मिळतात. हयात लेखकांच्या मालिका मात्र छायाप्रतीवर शिकवू नयेत. हक्काचा प्रश्न आहेच, शिवाय करड्या छपाईत रेषा आणि घरे एकमेकांत मिसळतात आणि वाचायला शिकणाऱ्या डोळ्यांना तेच सर्वांत जास्त जाचते.

मालिका कुठे सोडायची, हे पुस्तकाच्या शेवटच्या पानावरून ठरवू नये. विद्यार्थी आपल्या पातळीच्या एक पायरी खालची, कधी न ऐकलेली चार ओळींची रचना मदतीशिवाय, संथ पण न थांबता वाजवू लागला, आणि हात दोन-तीन वेळा जागा बदलूनही अडखळला नाही, की मूळ रचना द्यायला सुरुवात करावी. आना माग्डालेना बाख यांच्या १७२५ च्या वहीतले जी मेजरचे मिन्युएट त्यासाठी सोयीचे आहे. पुष्कळ काळ ते योहान सेबास्टियन बाख यांचे मानले जाई, प्रत्यक्षात ते क्रिस्टियान पेट्झोल्ड यांचे. तिथे डाव्या हाताला स्वतःची चाल आहे. त्यानंतर दिमित्री काबालेव्हस्की यांच्या ओपस ३९ मधल्या २४ छोट्या रचना. सुरुवातीच्या अगदी सोप्या आहेत आणि त्यांचा स्वर विसाव्या शतकातला आहे. फ्रीडरिश बुर्गम्युलर यांचे १८५१ चे २५ अभ्यास, ओपस १००, त्यापुढे. प्रत्येकात एकच अडचण आणि तिच्याभोवती एक चित्र. शूमान यांचा १८४८ चा ‘आल्बम फॉर द यंग’ बालांसाठी लिहिलेला असला तरी त्यातल्या ४३ रचनांपैकी पहिल्या काहीच या टप्प्यावर वाजवता येतात, बाकीच्यांना आणखी दोन-तीन वर्षे लागतात. या रचना सुरू झाल्यावरही मालिकेची पुढची पातळी लगेच बंद करू नये. निम्मा वेळ मूळ रचनांना, निम्मा मालिकेला, असे एक वर्ष चालले की मालिकेची गरज हळूहळू कमी होत जाते.